नेटवर्क बांधण्याआधी जनुक-अभिव्यक्तीच्या आकड्यांतून नको ते कसं काढायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरएनए-सीक्वेन्सिंगचे (कुठलं जनुक किती चालू आहे हे मोजणाऱ्या पद्धतीचे) आकडे हाताशी आहेत, डब्ल्यूजीसीएनए (एकत्र वर-खाली होणाऱ्या जनुकांचं नेटवर्क बांधणारं 'आर' भाषेतलं पॅकेज) चालवायचंय, पण त्याआधी बॅच (एकत्र हाताळलेल्या नमुन्यांचा गट), आरएनएचा दर्जा, काढणीची तारीख यांचं काय करायचं हे ठरत नाही, अशांसाठी हे पान आहे. बहुतेक उदाहरणं हापूसच्या साक्याची, म्हणजे गर स्पंजासारखा पडण्याच्या दोषाची, घेतली आहेत. साका बाहेरून कळत नाही, फळ कापल्यावरच दिसतो. त्यामुळे नमुन्यांची आखणी करताना कुठे कुठे चुकू शकतं, ते या एका उदाहरणात जवळजवळ सगळं सापडतं. उदाहरणातले आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत.

नको असलेला कोव्हेरिएट म्हणजे नेमकं काय?

जनुकांचे आकडे बदलवणारी, पण तुमच्या प्रश्नाशी संबंध नसलेली कोणतीही गोष्ट. आरएनए कुठल्या दिवशी काढलं, लायब्ररी (आरएनएपासून सीक्वेन्सिंगसाठी तयार केलेला नमुना) कोणी बनवली, नमुने सीक्वेन्सिंग मशीनच्या कुठल्या लेनमध्ये गेले, आरआयएन (आरएनए किती शाबूत आहे याचा आकडा) किती आला, या झाल्या प्रयोगशाळेतल्या गोष्टी. बागेतल्याही असतातच: झाडाचं वय, कल्टार (मोहोरासाठी देतात ते वाढरोधक) दिलंय की नाही, फळ पहिल्या मोहोराचं की पुनर्मोहोराचं.

कुठलीही गोष्ट मुळातच नकोशी नसते. साक्याचा अभ्यास करणाऱ्याला कल्टार नको असेल, पण मोहोराचा अभ्यास करणाऱ्याचा तोच मुख्य विषय असेल. म्हणून संगणकाला हात लावण्याआधी कागदावर तीन रकाने पाडा: हवं, नको, आणि ठाऊक नाही. तिसऱ्या रकान्याला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि तो द्यायलाच हवा.

नेटवर्कसाठी याचा एवढा बाऊ का? थोडा बॅचचा परिणाम राहिला तर काय बिघडतं?

नेटवर्क सगळं सहसंबंधावर उभं असतं, आणि बॅच सहसंबंध शून्यातून निर्माण करू शकते. हातानेच करून बघा. पहिल्या बॅचच्या चार फळांत 'अ' जनुकाचे आकडे ५, ६, ५, ६ आणि 'ब' जनुकाचे ३, ३, ४, ४. दुसऱ्या बॅचमध्ये अभिकारक वेगळ्या लॉटचे होते, म्हणून दोन्ही जनुकं ४ ने वर सरकली: 'अ' ९, १०, ९, १० आणि 'ब' ७, ७, ८, ८. प्रत्येक बॅचच्या आत या दोघांचा सहसंबंध शून्य आहे. आठही फळं एकत्र घेतली की तो ०.९४ येतो. डब्ल्यूजीसीएनएमध्ये तो सहाव्या घाताला चढवला तरी ०.७० उरतो, म्हणजे भक्कम दुवा. दोन जनुकांचं जे झालं तेच हजारो जनुकांचं होतं, आणि सर्वांत मोठं, देखणं मॉड्यूल (एकत्र हलणाऱ्या जनुकांचा गट) निघतं ते अभिकारकाच्या लॉटचं.

आता प्रत्येक बॅचमधून तिची सरासरी वजा करा. सहसंबंध पुन्हा शून्य. कोव्हेरिएट काढण्यामागचं मूळ तत्त्व एवढंच आहे. पुढची सगळी साधनं याच वजाबाकीची सुधारलेली रूपं.

जनुकांमधल्या फरकाची साधी तपासणी करताना बॅच मॉडेलमध्ये घातली की भागतं, कारण तिथे प्रत्येक जनुकासाठी स्वतंत्र समीकरण असतं. सहसंबंध काढणाऱ्या फंक्शनला बॅच सांगायला जागाच नसते. म्हणून ती आधीच आकड्यांतून काढावी लागते.

वहीत काय काय टिपून ठेवायचं?

जितकं टिपाल तितकं थोडंच, कारण न टिपलेली गोष्ट नंतर नाव घेऊन काढता येत नाही. बागेत: गाव, कलमाचा क्रमांक आणि वय, समुद्रापासूनचं अंतर, जमीन कातळावरची की भराटीची, कल्टारचं वर्ष आणि मात्रा, मोहोर कितवा, काढणीची तारीख आणि वेळ, फळाचं वजन. 'फळ १४ आणे तयार होतं' ही नोंद बागायतदाराच्या नजरेची म्हणून मोलाची आहेच. तिच्या जोडीला विशिष्ट गुरुत्वही मोजा, म्हणजे मॉडेलमध्ये घालायला खरा आकडा मिळतो.

नंतर: आढीत किती दिवस होतं, कापल्यापासून द्रवनायट्रोजनमध्ये जाईपर्यंत किती मिनिटं गेली, उणे ८० च्या फ्रीझरची वीज मध्ये गेली होती का आणि किती वेळ. प्रयोगशाळेत: आरएनए काढण्याची तारीख, हात कोणाचा, लिथियम क्लोराइडने रात्रभर साका बसवला की दोन तास (हा साका प्रक्रियेतला, फळातला नव्हे), २६०/२८० आणि २६०/२३० ही शुद्धता दाखवणारी गुणोत्तरं, आरआयएन, लायब्ररीचा दिवस, लेन, एकूण रीड्स (मशीनने वाचलेले तुकडे), त्यांतले किती टक्के जीनोमवर बसले.

आंब्याच्या गरात पेक्टिन आणि पॉलिफिनॉल भरपूर असतात. सीटॅब या आरएनए काढण्याच्या पद्धतीत पीव्हीपी किंवा मरकॅप्टोइथेनॉल (पॉलिफिनॉलपासून आरएनए वाचवणारी रसायनं) कमी पडलं की आरएनए तपकिरी पडतं, २६०/२३० घसरतं आणि लायब्ररी कमजोर येते. ही घसरण दिवसागणिक वेगळी असते, म्हणून ते गुणोत्तरही एक कोव्हेरिएट धरा.

आणखी दोन गोष्टी मागाहून आकड्यांतूनच काढता येतात. एक म्हणजे सालीची भेसळ: गर खरवडताना हिरव्या सालीचा पापुद्रा आला की प्रकाशसंश्लेषणाची जनुकं एकदम उसळतात. दुसरी, बुरशीचे रीड्स. करप्याची बुरशी असलेल्या फळात काही टक्के रीड्स आंब्याचे नसतातच. ते वेगळे मोजा आणि तो टक्का रकाना म्हणून ठेवा.

नमुने बॅचमध्ये वाटायचे कसे?

खरी लढाई इथेच जिंकायची. समजा देवगड, रत्नागिरी आणि दापोली अशी तीन ठिकाणं आहेत, प्रत्येकाची साक्याची ६ आणि निरोगी ६ फळं, एकूण ३६, आणि दिवसाला १२ नमुन्यांचं आरएनए काढता येतं. सोपी वाटणारी चूक म्हणजे सोमवारी देवगड, मंगळवारी रत्नागिरी, बुधवारी दापोली. मग गाव आणि दिवस यांची गाठ अशी बसते की कुठलंच सूत्र ती सोडवू शकत नाही.

त्याऐवजी सहा गट आहेत हे लक्षात घ्या (तीन गावं, दोन अवस्था) आणि रोज प्रत्येक गटातली दोन-दोन फळं घ्या. सहा गुणिले दोन, बारा. तिन्ही दिवस सारखे भरतात. साका कापल्यावरच कळतो ही अडचण इथे आड येत नाही, कारण फळ कापून गर गोठवणं हे आरएनए काढण्याच्या आधी कितीतरी दिवस होतं. आधी सगळी फळं कापा, अवस्था नोंदवा, गोठवा, आणि मग गोठवलेल्या नळ्यांची वाटणी करा. लायब्ररी आणि लेनसाठी पुन्हा वेगळी वाटणी करा. तीच जुनी वाटणी पुढे चालवली तर आरएनएचा दिवस आणि लेन एकमेकांना चिकटून राहतात.

आधी काय आणि नंतर काय? क्रम सांगा.

सगळे नमुने एकाच जीनोमवर, एकाच भाष्यावर (जीनोमवर कुठलं जनुक कुठे आहे याच्या यादीवर) बसवा. हापूस आणि टॉमी अॅटकिन्स या दोन्ही जातींचे जीनोम उपलब्ध आहेत. अर्धे नमुने एकावर आणि अर्धे दुसऱ्यावर बसवले तर ती तुमच्या हाताने तयार केलेली बॅच झाली.

मग अगदी कमी मोजणी असलेली जनुकं गाळा. डब्ल्यूजीसीएनएच्या कर्त्यांनी सुचवलेला ढोबळ नियम असा: ९० टक्क्यांहून जास्त नमुन्यांत मोजणी १० पेक्षा कमी असेल तर ते जनुक काढून टाका. कमी मोजणीचे सहसंबंध बहुधा शून्यांचेच असतात. मात्र साका आणि निरोगी यांत फरक दाखवणारी जनुकं तेवढी निवडून नेटवर्क बांधू नका. मग सगळी जनुकं एकाच कारणाने हलतात आणि एकच अवाढव्य मॉड्यूल मिळतं.

त्यानंतर डीसेक-२ या पॅकेजमधलं व्हीएसटी (लहान-मोठ्या मोजणीतला चढउतार सारखा करणारं रूपांतर) किंवा लॉग रूपांतर. कोव्हेरिएट काढायचे ते यानंतर, कारण कच्च्या मोजणीत बॅचचा परिणाम गुणाकाराने येतो आणि रूपांतरानंतर तो बेरजेचा होतो, जो वजा करता येतो. मग नमुन्यांचं झाड (कुठला नमुना कुठल्याशी मिळताजुळता ते दाखवणारं) आणि पीसीए (नमुन्यांतले मोठे फरक मोजक्या घटकांत मांडणारी पद्धत) बघून उघड वेगळे पडलेले नमुने बाजूला करा, कोव्हेरिएट काढा, आणि वेगळे पडलेले नमुने पुन्हा एकदा शोधा. बॅचच्या गोंगाटाखाली दडलेला खराब नमुना दुसऱ्या फेरीतच दिसतो, म्हणून ही दुसरी फेरी गाळू नका. यानंतर नेटवर्क.

काढल्यानंतर काही आकडे उणे दिसले तर घाबरायचं कारण नाही. सहसंबंधाला त्याने फरक पडत नाही. फक्त ते आकडे मोजणी मागणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला परत देऊ नका.

साधन कोणतं वापरायचं: कॉम्बॅट, लिम्मा की आणखी काही?

बॅच एकच असेल आणि ती गटवार असेल (दिवस १, २, ३), तर कॉम्बॅट चांगलं. ते २००७ साली आलं. सरासरीबरोबर बॅचमधला पसाराही (आकडे किती विखुरलेत ते) ते सारखा करतं, आणि सगळ्या जनुकांकडून माहिती उसनी घेत असल्यामुळे लहान बॅचमध्येही बऱ्यापैकी टिकतं. कच्ची मोजणीच हवी असेल तर २०२० चं कॉम्बॅट-सेक आहे, पण नेटवर्कसाठी व्हीएसटीनंतरचं साधं कॉम्बॅट पुरतं.

लिम्माचं 'रिमूव्ह बॅच इफेक्ट' सरळ रेषीय वजाबाकी करतं. दोन गटवार बॅच आणि आरआयएनसारखे अखंड आकडे एकाच वेळी देता येतात, हा त्याचा मोठा फायदा. पसारा मात्र ते हलवत नाही.

डब्ल्यूजीसीएनएच्या पॅकेजमध्येच 'एम्पिरिकल बेझ एलएम' नावाचं फंक्शन आहे आणि नेटवर्कसाठी आमची पहिली पसंती त्याला. काय काढायचं आणि काय राखायचं हे ते दोन वेगळ्या रकान्यांत मागतं, त्यामुळे वापरणाऱ्याला विचार करावाच लागतो. भार देऊन टोकाच्या नमुन्यांचा प्रभाव कमी करता येतो. शिवाय मॉडेल फक्त ठरावीक नमुन्यांवर, उदाहरणार्थ निरोगी फळांवर, बसवून ती दुरुस्ती सगळ्यांना लावता येते. अट एवढीच की निरोगी फळं प्रत्येक बॅचमध्ये असली पाहिजेत.

दिशेची चूक फार होते. लिम्मा आणि कॉम्बॅट यांना जनुकं ओळींत आणि नमुने स्तंभांत लागतात. डब्ल्यूजीसीएनएच्या फंक्शनांना बरोबर उलटं. प्रत्येक टप्प्याला ओळी आणि स्तंभ किती आहेत ते छापून बघा.

साका-निरोगी हा गुण मॉडेलमध्ये 'राखायचा' म्हणून द्यायचा की नाही?

बॅचमध्ये साका आणि निरोगी सारखेच वाटलेले असतील तर दिला काय, न दिला काय, उत्तर जवळजवळ तेच येतं. वाटणी असमान असेल तर द्यावाच लागतो. कारण बघा: पहिल्या बॅचमध्ये ९ साक्याची आणि ३ निरोगी, दुसरीत ३ साक्याची आणि ९ निरोगी. एका जनुकाचा आकडा निरोगी फळात ६, साक्यात ८, आणि बॅचचा परिणाम काहीच नाही. पहिल्या बॅचची सरासरी ७.५, दुसरीची ६.५. गुण न सांगता सरासरी वजा केली तर साक्याची सरासरी ०.७५ येते आणि निरोगीची उणे ०.७५. खरा फरक २ चा होता, उरला १.५. बॅचचा दोष नसतानाही चौथा हिस्सा जीवशास्त्र गेलं.

गुण दिला तर फरक २ राहतो. पण त्याचीही किंमत आहे. असमान वाटणीत गुण राखून दुरुस्त केलेले आकडे पुढे पुन्हा त्याच गुणासाठी तपासले की खात्री खऱ्यापेक्षा जास्त दिसते. हे २०१६ मध्ये आकड्यांनिशी दाखवून झालं आहे. म्हणून दुरुस्त आकडे नेटवर्क आणि चित्रांसाठी ठेवा. कुठलं जनुक बदललं हे तपासायचं तर कच्ची मोजणी घ्या आणि बॅच मॉडेलमध्ये घाला.

फळाची तयारी काढून टाकायची का? साक्याशी तिचा संबंध आहे ना?

सर्वांत जास्त विचार इथे लागतो आणि सरसकट उत्तर नाही.

झाडावर जास्त तयार झालेल्या फळांत साका जास्त आढळतो. म्हणजे साक्याची फळं सरासरीने जास्त तयार असणार. तयारी काढली नाही तर मॉड्यूल 'साक्याचं' म्हणून निघेल आणि असेल निव्वळ पिकण्याचं: भिंत मऊ करणारी विकरं, इथिलीन, कॅरोटिनॉइड. तयारी काढली आणि साक्याचं मूळच लांबलेल्या तयारीत असेल, तर आपण शोधायला निघालेलं कारणच पुसून टाकलं.

म्हणून प्रश्न नीट मांडा. 'सारख्याच तयारीच्या दोन फळांपैकी एकात साका आणि दुसऱ्यात नाही, हे का?' असा प्रश्न असेल तर तयारी काढा. त्याहून बरं म्हणजे काढणीच्या वेळीच विशिष्ट गुरुत्व जुळणारी फळं घ्या, म्हणजे काढण्याजोगं फारसं उरतच नाही. 'तयारी लांबली की साका कुठल्या वाटेने येतो?' असा प्रश्न असेल तर तयारीला हात लावू नका. ती गुणांच्या तक्त्यात ठेवा आणि मॉड्यूलशी तिचा संबंध बघा. आपला प्रश्न कुठला हे ठरत नसेल तर दोन्ही नेटवर्कं बांधा, कुठली मॉड्यूल दोन्हींत टिकतात ते पाहा, आणि प्रबंधात दोन्ही दाखवा.

आरआयएनचंही असंच आहे. साक्याच्या गरात ऊती मोडते, म्हणून तिथे आरएनए मुळातच खराब येत असेल तर कमी आरआयएन हा साक्याचा परिणाम झाला. आधी साका आणि निरोगी यांचे आरआयएन शेजारी मांडून बघा. दोन ढीग वेगळे पडले तर तो काढताना साकाही निघून जाईल. अशा वेळी दोन्ही गटांतली सारख्या आरआयएनची फळं निवडून घेणं हाच सरळ मार्ग. हिरव्या सालीत आणि पानांत आणखी एक गोष्ट लक्षात घ्या: हरितलवकाच्या रायबोसोमचं आरएनए मध्ये येतं आणि मशीन आरआयएन कमी दाखवतं, आरएनए चांगलं असलं तरी.

काढणीची वेळ कोव्हेरिएट म्हणून कशी घालायची? आणि कालवं, तिसऱ्या अशा शिंपल्यातल्या प्राण्यांवर काम करणाऱ्यांनी भरती-ओहोटीचं काय करायचं?

सकाळी ७ आणि संध्याकाळी ७ ही वेळ ७ आणि १९ असे आकडे म्हणून दिली तर मॉडेल समजतं की दिवस ही सरळ रेषा आहे. रात्री ११ आणि पहाटे १ त्याला एकमेकांपासून फार लांब वाटतात. दिवस गोल आहे. वेळेला २४ ने भागा, दोन पायने (२π) गुणा, आणि त्याचा साइन व कोसाइन असे दोन रकाने द्या.

कालवं, तिसऱ्या, मुळे यांना भरतीचंही घड्याळ असतं. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून रोज सकाळी ९ ला खाडीवर गेलात तरी प्राणी रोज वेगळ्या पाण्यात असतो. भरती दिवसाला साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. शेवटच्या भरतीपासून गेलेली मिनिटं मोजा, ७४५ ने भागा, आणि तसेच साइन-कोसाइनचे दोन रकाने करा. बंदराच्या वेळापत्रकातली भरती आणि खाडीच्या आत, वरच्या अंगाला येणारी भरती एकाच वेळी येत नाही, म्हणून जागेवरची वेळ टिपा.

ओहोटीला उघड्या पडलेल्या कालवाने शिंपला मिटलेला असतो, आत प्राणवायू कमी होत जातो. उघडं पडल्यापासून किती मिनिटं झाली हा वेगळा रकाना ठेवा. अर्धे नमुने उधाणाचे (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचे) आणि अर्धे भांगाचे (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीचे) असतील तर तेही टिपा. उधाणाच्या ओहोटीला जी जागा उघडी पडते ती भांगात पाण्याखालीच राहते.

एकूण किती कोव्हेरिएट काढता येतात?

प्रत्येक रकाना नमुन्यांतली एक मोकळीक खातो. तीन दिवसांची बॅच म्हणजे दोन रकाने, आरआयएन एक, वेळ दोन, तीन ठिकाणं दोन: झाले सात. ३६ नमुन्यांतून सात गेले तर २९ उरतात, निभावतं. १८ नमुन्यांतून सात म्हणजे ११ च उरले, आणि त्यावर नेटवर्क बांधणं धोक्याचं. डब्ल्यूजीसीएनएला किमान १५ आणि शक्यतो २० हून जास्त नमुने हवेत असं त्याचे कर्तेच सांगतात. आमचा ढोबळ हिशेब दर पाच-सहा नमुन्यांमागे जास्तीत जास्त एक रकाना.

कुठले निवडायचे यासाठी पीसीएचे पहिले पाच-सहा घटक घ्या आणि प्रत्येक कोव्हेरिएटशी त्यांचा संबंध तक्त्यात मांडा. जो कुठल्याच मोठ्या घटकाशी जुळत नाही तो काढण्यात फक्त नुकसान आहे. आरआयएन आणि २६०/२३० एकमेकांशीच घट्ट जुळत असतील तर दोनपैकी एक पुरे.

नोंदच ठेवली नाही. छुपे घटक आपोआप शोधून काढता येतात का?

येतात, पण डोळे उघडे ठेवून. एसव्हीए ही २००७ ची पद्धत हवा असलेला गुण बाजूला ठेवून उरलेल्यातून छुपे घटक अंदाजते. ते घटक मिळाले की लगेच काढू नका. प्रत्येकाचा साक्याशी, तयारीशी, गावाशी संबंध बघा. एखादा तयारीशी घट्ट जुळला तर वर सांगितलेला तयारीचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

दुसरा मार्ग पीसीएचे पहिले काही घटक सरसकट काढणं. गोंगाट मोठा आणि विखुरलेला असेल तेव्हा याने खोटे दुवे कमी होतात. पण आंब्याच्या पिकण्याच्या प्रयोगात पहिला घटक बहुधा पिकण्याचाच असतो. तो काढला की प्रयोगच गेला. पिकणं, ताण, खारेपणा असा मोठा परिणाम विषयात असेल तर हा मार्ग धरू नका.

देवगडची सगळी फळं एकाच बॅचमध्ये गेली आहेत. आता?

कॉम्बॅट तुम्हाला स्पष्ट सांगेल की कोव्हेरिएट बॅचशी गुंतलेला आहे, आणि थांबेल. तो संदेश टाळण्यासाठी गावाचा रकाना मॉडेलमधून उडवून पुन्हा चालवू नका. प्रोग्रॅम चालेल, पण बॅचबरोबर देवगडही जाईल.

गोठवलेला गर शिल्लक असेल तर प्रत्येक बॅचमधल्या दोन-तीन फळांचं आरएनए पुन्हा एकत्र काढून सीक्वेन्स करा. सांधणारे एवढे नमुनेही बरंच सांगतात. गर नसेल तर गावांची तुलना सोडून द्या आणि प्रत्येक गावाच्या आत साका-निरोगी यांचाच अभ्यास करा. प्रश्न लहान होतो, उत्तर खरं राहतं.

दोन हंगामांचे नमुने एकत्र करायचे का?

वर्ष बदललं की पाऊस, उष्णता, मोहोर, अभिकारक आणि बहुधा मशीनही बदलतं. वर्षाची सरासरी काढता येते, पण दोन वर्षांत जनुकांचे आपसातले संबंधच वेगळे असले तर सरासरीच्या वजाबाकीने ते जुळत नाहीत. दोन वर्षांची वेगळी नेटवर्कं बांधून डब्ल्यूजीसीएनएमधली सहमतीची मॉड्यूल शोधा. दोन्ही हंगामांत टिकलेल्या मॉड्यूलवर जास्त भरवसा ठेवता येतो.

दुरुस्ती नीट झाली हे कसं ओळखायचं?

मॉड्यूलचा बॅचशी संबंध शून्य आला, हा पुरावा नव्हे. बॅच रेषीय पद्धतीने वजा केली की तो संबंध गणितानेच शून्याच्या आसपास येतो. तपासणी बाहेरच्या गोष्टीवर हवी.

एक: यादृच्छिक १,००० जनुकं घेऊन त्यांच्या सर्व जोड्यांच्या सहसंबंधांचा आलेख काढा, आधीचा आणि नंतरचा. आधी उजवीकडे सरकलेला किंवा फार रुंद असलेला डोंगर नंतर शून्याभोवती आला पाहिजे. दोन: एकत्र असायलाच हवीत अशी जनुकं, रायबोसोमची प्रथिनं, प्रकाशसंश्लेषण, भिंत मऊ करणारी विकरं, एकत्र राहिली का बघा. ती विखुरली तर जास्त काढलंत. तीन: प्रत्येक बॅचच्या आत वेगळा सहसंबंध काढून तो एकत्रित नेटवर्कशी ताडून बघा. चार: साका-निरोगी ही नावं फेटून सगळी प्रक्रिया सुरुवातीपासून चालवा. फेटलेल्या नावांनाही 'साक्याचं' मॉड्यूल मिळत असेल तर चूक प्रक्रियेत आहे.

सहसंबंध कितव्या घाताला चढवायचा हे सुचवणाऱ्या 'पिक सॉफ्ट थ्रेशोल्ड'चा वक्र ०.८ पर्यंत चढतच नाही. कोव्हेरिएट काढूनही?

बहुधा नमुन्यांचा एक मोठा गट अजून बाकीच्यांपासून सगळ्याच जनुकांत वेगळा आहे. पीसीए पुन्हा बघा. तो गट बॅचचा असेल तर दुरुस्ती अपुरी पडली. तो गट जीवशास्त्राचा असेल, उदाहरणार्थ कच्ची आणि पिकलेली फळं एकत्र घातली असतील, तर काढू नका. अशा वेळी घात नमुन्यांच्या संख्येवरून घ्या: चिन्हासह नेटवर्कसाठी (ज्यात उलट दिशेने हलणारी जनुकं जोडली जात नाहीत) २० पेक्षा कमी नमुने असल्यास १८, २० ते ३० साठी १६, ३० ते ४० साठी १४, त्याहून जास्त असल्यास १२. चिन्हाविना नेटवर्कसाठी याच्या निम्मे.

'अनयूज्ड आर्ग्युमेंट' अशी चूक दाखवून प्रोग्रॅम थांबतो. आकडे बिघडले का?

आकडे ठीक असतात. दुसऱ्या पॅकेजचं किंवा आरचं मूळ 'कॉर' फंक्शन डब्ल्यूजीसीएनएच्या 'कॉर'वर चढलेलं असतं. मॉड्यूल बांधण्याआधी 'कॉर' हे नाव डब्ल्यूजीसीएनएच्या फंक्शनला द्या आणि काम झाल्यावर परत मूळ जागी न्या.

प्रबंधात काय लिहायचं?

काय काढलं, काय राखलं आणि का, हे तिन्ही. 'बॅच इफेक्ट काढला' एवढ्या वाक्यावरून कोणालाच ते काम पुन्हा करता येत नाही. साधन आणि त्याची आवृत्ती, प्रत्येक रकाना गटवार होता की अखंड, किती नमुने कुठल्या टप्प्यावर गाळले, आधीचा आणि नंतरचा पीसीए शेजारी शेजारी. नमुन्यांचा संपूर्ण तक्ता, गाव आणि काढणीच्या वेळेसकट, परिशिष्टात द्या, आणि दुरुस्त आकड्यांबरोबर कच्ची मोजणीही सार्वजनिक साठ्यात ठेवा.